वाद कुठे चालावा

मोबाइलच्या दुकानातल्या माणसाने काउंटरवरून हात लांबवला आणि सुलोचनाच्या हातातल्या नव्या फोनवर, तिला न विचारता, 'मी सहमत आहे' दाबून टाकलं. जेवताना शेजारच्याच्या पानावरची माशी उडवावी इतक्या सहज. पडदा पुढे सरकला. अंधारात जिन्याची अजून एक पायरी आहे असं समजून पाय टाकावा आणि ती नसावी, तसं सुलोचनाला झालं. तिने फोन छातीशी ओढून घेतला. "तुम्ही काऊन दाबलं?" ती म्हणाली, आणि आपला आवाज तिला ओळखू आला नाही. दुकानदार गडबडला. "काकू, ते काही नसते. सगळेच दाबतात. त्याच्याशिवाय पुढचं उघडतच नाई." "पण मी दाबलं नव्हतं ना." "मंग काय ते पूर्ण वाचत बसणार होत्या का तुम्ही?" तो हसला. वाईट हसला नाही. बाजूला कव्हर निवडत उभी असलेली बाईही हसली, आणि दोघांच्या हसण्यात तिला सामील करून घ्यायची तयारी होती. सुलोचनाला वाटलं, आणखी एक शब्द कुणी बोललं तर आपण इथेच, या चकचकीत काचेवर डोकं टेकून रडायला लागू. तिने जुना फोन पिशवीत टाकला, नवा मुठीत धरला आणि ती रस्त्यावर आली.

रस्त्यावर कापसाचे दिवस होते. बाजार समितीकडे जाणारे टेम्पो खचाखच भरून चालले होते आणि त्यांच्या ताडपत्रीतून निसटलेला कापूस विजेच्या तारांवर, कडुलिंबाच्या फांद्यांवर, ऑटोच्या आरशांवर अडकला होता. तिने एकही ऑटो थांबवला नाही. घरी नवरा, श्रावण, वाट पाहत होता. आज ते काम उरकून टाकायचं असं काल दोघांचं ठरलं होतं, म्हणजे त्याने म्हटलं होतं आणि तिने नाही म्हटलं नव्हतं. ज्या कंपनीविरुद्ध त्यांची तक्रार चालली होती तिने तडजोडीचा कागद पाठवला होता, पण तो कागद नव्हताच. फोनवर उघडायचा, खालपर्यंत सरकवायचा आणि दाबायचं. तिच्या जुन्या फोनवर तो उघडत नव्हता. म्हणून हा नवा. सगळेच दाबतात. पौर्णिमाही हेच म्हणाली होती, याच शब्दांत, तीन-चार दिवाळ्यांपूर्वी सुट्टीवर आली तेव्हा. आईच्या फोनवर गॅसचं काहीतरी बसवून देत होती आणि सुलोचना चष्मा लावून त्या बारीक अक्षरांचं पहिलं पान वाचायला लागली. "आई, तू हे वाचत बसशील तर सिलेंडर पुढच्या दिवाळीत येईल," पौर्णिमा म्हणाली होती, आणि तिच्या खांद्यावर हनुवटी ठेवून, मागून हात घालून, दाबून मोकळी झाली होती. तिच्या केसांना तेव्हा कुठल्याशा शाम्पूचा कच्च्या कैरीसारखा वास होता. सुलोचना त्या वासाशी थांबली. रस्त्याच्या मधोमध थांबलो आहोत हे मागच्या स्कूटरवाल्याने हॉर्न दिला तेव्हा तिला कळलं.

वाचल्याशिवाय सही नाही ही तिची नोकरीची सवय. उभा जन्म तिने कोर्टात लघुलेखक म्हणून काढला. साक्षीदार पिंजऱ्यात उभा राहून बोलायचा, साहेब त्यातलं कामाचं तेवढं कोर्टाच्या भाषेत सांगायचे आणि ती टंकत जायची. शेवटी साक्षीदाराला वाचून दाखवायचं आणि मग त्याची सही किंवा अंगठा. एकदा समुद्रपूरकडची एक बाई आपल्या नवऱ्याच्या मरणाबद्दल बोलता बोलता त्याला आवडणाऱ्या भाजीपर्यंत गेली, शेताच्या वाटेपर्यंत गेली, त्या दिवशी त्याने कोणता सदरा घातला होता तिथपर्यंत गेली, आणि कागदावर ओळ उतरली ती एवढीच, की घटनेच्या वेळी मी घरी नव्हते हे खरे आहे. तेव्हा सुलोचनाला त्यात काही वावगं वाटलं नव्हतं. कागदाला जागा कमी असते. बाई तरी बोलली, भर कोर्टात, पंख्याखाली, सगळ्यांनी ऐकलं. तिचे वडील म्हणायचे, गावात आपल्याले अर्ध्या नावानं हाक मारतात, कोर्टात मात्र पूर्ण नावानं पुकारतात, बापाच्या नावासकट. ते एकदाच कुठल्याशा खटल्यात साक्षीदार म्हणून गेले होते. धोतर धुऊन, टोपी धुऊन गेले होते. खटला काय होता ते तिला कधी कळलं नाही. पण दारातल्या शिपायाने आपलं नाव कसं पुकारलं ते वडील आयुष्यभर आवाज काढून सांगत राहिले. ती कोर्टात नोकरीला लागली त्यामागे बहुधा तो आवाजच होता.

पौर्णिमा पुण्याच्या एका रुग्णालयात फिजिओथेरपिस्ट होती. अर्धांग झालेल्या म्हाताऱ्यांची मिटलेली बोटं एकेक करून उघडायची, पुन्हा मिटायला शिकवायची. फोनवर सांगायची, "आज एका आजोबांनी चमचा धरला, आई." जणू तिनेच काही जिंकलं होतं. शनिवार-रविवारला जोडून सुट्टी आली तेव्हा तिने आणि तिच्याबरोबर काम करणाऱ्या हर्षाने धरणाच्या पाण्याकाठचा एक तंबूतला मुक्काम ठरवला. असले मुक्काम, सहली, डोंगरावरच्या वाटा फोनवर निवडून देणारी एक कंपनी होती, तिच्यावर नोंदवला. सकाळी ज्याने त्याने वल्हवायच्या छोट्या होड्यांतून पाण्यात नेणार होते. त्या सकाळी वारा सुटला. सुलोचना पुढचं मनात आणायची ते नेहमी एकाच जागेपासून: दुपारी आपण डाळ निवडत होतो आणि फोन वाजला. त्याच्या आधीचं सगळं हर्षाचं होतं. हर्षा नंतर वर्ध्याला आली, समोरच्या खोलीत चटईवर बसली, आणि सगळं सांगितलं. कोणती होडी, कुणी ढकलली, कुठे उलटली. पौर्णिमाच्या अंगातलं तरंगायचं जाकीट पाण्यावर आलं. ते रिकामं होतं. त्याचा पट्टा लागत नव्हता. हर्षा बोलत असताना श्रावण उठून अंगणात गेला. नळी लावून झाडांना पाणी घालत राहिला. जास्वंदीच्या बुंध्याशी तळं साचून ते फाटकाबाहेर वाहायला लागलं तरी घालत राहिला. नंतर त्याने कधी काही विचारलं नाही. सुलोचनाने दोनदा सांगायचा प्रयत्न केला तेव्हा तो म्हणाला, "मले नाई ऐकायचं ते." हाताने वारलं, दिव्यावर येणारा किडा वारावा तसं. मग तीही गप्प झाली. आपण एकटीनेच हे वागवायचं आहे हे तिने मनाशी मान्य केलं, आणि त्याचा तिला त्याच्यावर राग आला, आणि रागाची लाज वाटली.

तिकडच्या पोलिसांनी अपघाती मृत्यूची नोंद करून कागद आवरून ठेवले. मुक्काम चालवणाऱ्या माणसांपैकी एकही फोन उचलत नव्हता. मग ती अनुपकडे गेली. अनुप शहरातल्या कापडवाल्यांचा मुलगा. नवा वकील म्हणून कोर्टात आला तेव्हा तारखा कशा मागायच्या, कागद कोणत्या टेबलावर द्यायचे हे त्याने सुलोचनाला विचारून घेतलेलं. आता त्याचे केस पिकायला लागले होते, पण तिला तो अजून ताईच म्हणायचा. त्याने सांगितलं, ग्राहक आयोगात जाऊ; तुम्ही इथे राहता म्हणजे इथेच दाखल करता येते, पुण्याला जायची गरज नाही. तिने तक्रार स्वतः टंकली. अनुपने दोन ठिकाणी बदल सुचवले, बाकी तसंच ठेवलं. रात्री झोपताना तिला पहिल्यांदा थोडं बरं वाटलं. कुणीतरी उंच खुर्चीवर बसून विचारेल की या मुलीचं काय झालं, आणि कुणालातरी उभं राहून उत्तर द्यावं लागेल. त्याहून जास्त तिला काही नको होतं. कंपनीचं उत्तर आलं तेव्हा अनुपने तिला ऑफिसात बोलावलं, चहा मागवला आणि चहा येईपर्यंत इकडचं तिकडचं बोलत राहिला. त्यावरूनच तिला कळलं.

"ताई, ते म्हणून राह्यले की हा वाद इथे चालूच शकत नाही," तो म्हणाला. "त्यांच्या अटींमध्ये आहे. कुठलाही वाद झाला तर कोर्टात जायचं नाही, लवादाकडे जायचं. लवाद बंगळूरला बसेल, कंपनी नेमेल, आणि तिथे जे होईल ते बाहेर कुठं बोलायचं नाही." "हे कोणी मान्य केलं?" "पौर्णिमानं. बुकिंग करताना. खाली बारीक अक्षरात राहते ते." त्याने घाईने पुढे सांगितलं की ग्राहकाचा आयोगात यायचा हक्क अशा अटीने जात नाही, वरच्या कोर्टाने सांगितलेलं आहे, आपण जिंकू. "पण वेळ खाईल," तो म्हणाला. सुलोचना 'लवाद' या शब्दापाशीच अडकली होती. तिला तो शब्द नवा नव्हता. लग्नानंतर पहिल्या उन्हाळ्यात ती वडनेरला सासरी होती तेव्हा सासऱ्यांचा आणि शेजारच्या वावरवाल्याचा धुऱ्यावरून, शेताच्या बांधावरून, तंटा झाला होता. बोलणं बंद, बैल एका वाटेने जाईनात. शेवटी दोघांनी मिळून एका म्हाताऱ्याचं नाव घेतलं, दोघांनाही तो चालत होता. तो आला, धुऱ्यावर उकिडवा बसला, आधी एकाचं ऐकलं, मग दुसऱ्याचं, दोघांनाही मध्ये बोलू दिलं नाही. सगळी सकाळ गेली. त्याने काय निकाल दिला ते ती विसरली होती. पण त्याचं ते कानामागे हात लावून ऐकणं तिला दिसत होतं. दोघांनी मिळून मानलेला तिसरा माणूस म्हणजे लवाद. ती अनुपला म्हणाली, "पौर्णिमानं कोणाले नेमलं होतं?"

आयोगात कंपनीची वकील पडद्यावरून आली. तिथे, बंगळूरला कुठेतरी, पांढऱ्या भिंतीसमोर बसलेली, पौर्णिमाच्या वयाची मुलगी; बोलण्याआधी केस कानामागे सारायची. आवाज स्वच्छ, मऊ. ती पौर्णिमाला युजर म्हणत होती. युजरने अटी स्वीकारल्या आहेत, युजरच्या वारसांवर त्या बंधनकारक आहेत. सुलोचनाला तिचा राग यावा असं फार वाटत होतं, पण तो येईना. त्या मुलीचीही आई कुठेतरी डाळ निवडत असेल असंच मनात येत राहिलं. मग त्या मुलीने पुरावा म्हणून एक पान दाखवलं. पौर्णिमाच्या खात्यावरून 'सहमत' हे कधी दाबलं गेलं त्याची नोंद: तारीख, तास, मिनिट, सेकंद. सगळेजण त्या पानाकडे पाहून पुढे सरकले. सुलोचना तिथेच राहिली. काय जपून ठेवलं होतं त्यांनी! जाकीट कोणी दिलं, पट्टा कोणी तपासला, वारा सुटल्यावर होड्या काऊन सोडल्या, यातलं काहीच त्यांनी कुठे नोंदलेलं नव्हतं. पण तिच्या लेकीचं बोट काचेला कोणत्या क्षणी लागलं ते त्यांच्याजवळ होतं. नंतर तिने अनुपकडून त्या पानाची प्रत मागून घेतली. त्याला वाटलं ती उलटतपासाची तयारी करतेय. तसं काही नव्हतं. त्या सेकंदाला पौर्णिमा जिवंत होती, एवढंच. कुठेतरी बसली असेल, रुग्णालयाच्या कॅन्टीनमध्ये किंवा बसमध्ये, ओठ चावत, हर्षाला काहीतरी सांगत, आणि अंगठा खाली आला. त्या स्पर्शात कुठे होता लवाद, कुठे बंगळूर? त्यात फक्त पाणी बघायला जायचं होतं. कधी दुपारी सुलोचना त्या पानाकडे बघत राहायची आणि तिला वाटायचं की ते आकडे अजून किंचित कोमट आहेत.

आयोगाने कंपनीचं म्हणणं मानलं नाही. वाद इथेच चालेल असा आदेश झाला. अनुपने पायऱ्या उतरता उतरता तिच्या हाती पेढा ठेवला. तो तिने घरी आणला, श्रावणसमोर ठेवला, आणि तो दोघांपैकी कुणालाच खाववला नाही. कंपनी त्या आदेशावर नागपूरला वरच्या आयोगात गेली. तिथे स्थगिती मिळाली. तारखा पडत राहिल्या, आणि प्रत्येक तारखेला प्रश्न एकच: हा वाद कुठे चालावा. कोणत्या शहरात, कोणासमोर, कोणत्या कायद्याखाली. वकील बोलायचे, निवाडे वाचायचे, हुशारीने बोलायचे, आणि त्या सगळ्या बोलण्यात पाणी कुठेच नव्हतं. सुलोचना मागच्या बाकावर बसून ऐकायची. घरात कोणत्या दारातून शिरायचं यावर भांडण चाललं होतं आणि आत कुणीतरी मरून पडलं होतं, असं तिला वाटायचं. परतीच्या एसटीत ती खिडकीशी बसायची. उन्हाळ्यात कपाशीच्या पऱ्हाट्या उपटून टाकलेल्या, पावसाळ्यात नवी रोपं. मुलगी गेली त्याला किती झालं हे ती शेतांवरून ओळखू लागली होती. आणि मग कंपनीचा तडजोडीचा प्रस्ताव आला. त्यात एक आकडा होता. तो वाचला आणि डोळ्यांवरून घसरून गेला. आकड्याखालचं कलम मात्र गेलं नाही. घटनेबद्दल, मुक्कामाबद्दल, मृत्यू कसा झाला याबद्दल, आई आणि वडील यापुढे कुणाहीजवळ, कोणत्याही स्वरूपात, काहीही बोलणार नाहीत.

हे सगळं मनात घेऊन ती त्या दिवशी, मुठीत फोन धरून, घरापर्यंत चालत आली. श्रावण व्हरांड्यात होता. जिल्हा परिषदेच्या शाळेत शिकवून निवृत्त झालेला माणूस. अजून सकाळी इस्त्रीचा शर्ट घालून बसायचा. शर्ट आता खांद्यांवरून उतरायला लागला होता. "आणला का फोन?" त्याने विचारलं. "आणला." "मंग टाक उरकून." ती पायरीवर बसली. "मी नाई दाबत," ती म्हणाली.

तो म्हणाला, "काऊन?"

"त्याच्यात लिहिलं आहे, कोणाले सांगायचं नाही. कधीच नाही."

"तं आता कोणाले सांगून राह्यली तू? कोणी विचारते का?" तो ओरडला नाही; ओरडला असता तर तिला सोपं गेलं असतं. "दर तारखेले तू नागपूरले जाते, अन् मी इथे बसून राह्यतो. दर तारखेले माही पोरगी पुन्हा मरते, सुलोचना. मले झोप नाई लागत. मले ते बंद करायचं आहे. एवढंच मागून राह्यलो मी."

"बंद होईल त्याच्यानं?"

"नाई होईल. पण निदान कागद येणं तं बंद होईल."

"उद्या कोणी विचारलं, तुमची मुलगी कशी गेली, तं मी काय सांगू?"

"सांगजो पाण्यात गेली."

"एवढंच?"

"एवढंच तं खरं आहे," तो म्हणाला, आणि आत गेला. आत गेल्यावर भांडं खाली पडल्याचा आवाज आला, मग काहीच नाही. ती पायरीवर बसून राहिली. तो चुकत होता असं तिला म्हणता येत नव्हतं. त्याच्या गळ्याजवळ शर्ट किती सैल झालाय हे तिने आज नीट पाहिलं होतं. या माणसाला अजून किती वर्षं आपण तारखांवर ओढणार? पण तिच्या डोळ्यांपुढे ती समुद्रपूरची बाई उभी राहत होती, भाजीचं सांगणारी, सदऱ्याचं सांगणारी. त्या बाईकडून जर कुणी आधीच लिहून घेतलं असतं, की बाई, तू बोलायचं नाहीस, तर तिने त्या भाजीचं काय केलं असतं? कुठे ठेवली असती ती? संध्याकाळी सुलोचनाने अनुपला कळवलं की आम्ही तडजोड करत नाही. अनुप म्हणाला, "बरं ताई," आणि थोड्या वेळाने पुन्हा, "बरं." जेवताना ती श्रावणला म्हणाली, "तुमच्यासाठी करायचं होतं मले. नाही झालं." त्याने भाकरीचा तुकडा मोडला आणि ताटातच ठेवला. त्यानंतर दोघं एकमेकांशी कामापुरतं बोलू लागले: दूध आलं, बिल भरलं, दार लावलं. वाईट वागत नव्हते. एकाच घरात दोन माणसं आपापलं पाणी भरलेलं भांडं डोक्यावर घेऊन, सांडू नये म्हणून जपून चालत होती.

कापूस संपला, उन्हं चढली. फेब्रुवारीअखेरच्या एका दुपारी फोन वाजला. नंबर ओळखीचा नव्हता. पलीकडचा माणूस आधी खोकला, मग म्हणाला, "नमस्कार ताई. मी प्रेमदास बोलून राह्यलो, दर्यापूरहून. तुमचा नंबर त्या हर्षा मॅडमनं दिला." आवाज पिकलेला, शेतातल्या माणसाचा. "आमचा मुलगा पुण्याले कंपनीत होता. दोस्तांसंग फिराले गेलता. त्याच पाण्यात, ताई. तोच मुक्काम." केव्हा, असं तिने विचारलं. दिवाळीनंतर, तो म्हणाला. दिवाळीनंतर. म्हणजे ती त्या मोबाइलच्या दुकानात उभी होती त्याच सुमारास. म्हणजे वाद कुठे चालावा यावर नागपूरला बोलणं चाललं होतं तेव्हा त्या काठावर तंबू उभेच होते, सकाळी होड्या सुटतच होत्या, फोनवर लोक बोटं टेकवतच होते. ऐकायचं कुणी, एवढंही ठरलं नव्हतं, आणि एक मुलगा गेला होता. "ताई, आहात ना?" प्रेमदासने विचारलं. "त्यांनी आम्हाले एक कागद पाठवला. बोलायचं नाही कोणापाशी, असं आहे त्याच्यात. माही बायको म्हणते, करून टाका. मले काही समजून नाई राह्यलं. तुम्ही केला का?"

"नाही केला," सुलोचना म्हणाली. "पण तुम्ही करा की नका करू, हे मी नाही सांगणार भाऊ. आमच्या घरातही..." तिच्या लक्षात आलं की श्रावण आतल्या खोलीच्या दारात उभा आहे. किती वेळ उभा होता कोण जाणे. प्रेमदासचा आवाज त्या नव्या फोनमधून मोठा येत होता, सगळ्या खोलीभर. "एक विचारू का?" तो म्हणत होता. "आमच्याले कोणी काहीच सांगत नाही. बुडाला म्हणतात. म्हणजे कसा बुडाला? तुमची मुलगी कशी..."

श्रावणने हात पुढे केला. "आण इकडे," तो म्हणाला. तिला वाटलं तो फोन बंद करणार. तिने मुठीत घट्ट धरला, मग सोडला. त्याने तो कानाला लावला नाही; तळहातावर आडवा धरला, तोंडासमोर, शाळेत मुलांपुढे पुस्तक धरायचा तसा.

"भाऊ, मी पौर्णिमाचा बाप बोलून राह्यलो," तो म्हणाला. "तुम्ही बसून आहा का? बसा. सांगतो."

आणि तो सांगायला लागला. आदल्या संध्याकाळी मुलींनी काठावर काय खाल्लं इथपासून. सकाळी वारा होता, पाण्यावर पांढरे तुरे उठत होते, तिथल्या एका म्हाताऱ्या कोळ्याने आज नका सोडू म्हटलं होतं ते. हर्षाने सांगितलेलं, शब्दन् शब्द. एकही पुढचा शब्द मागे झाला नव्हता. सुलोचना त्याच्याकडे पाहत राहिली. नळीचं पाणी फाटकाबाहेर वाहत होतं त्या सबंध वेळात तो समोरच्या खोलीच्या उघड्या खिडकीपासून चार हातांवर उभा होता, आणि तेव्हापासून आजपर्यंत हे सगळं त्याच्या आत होतं, जागच्या जागी, झोप येऊ न देणारं. ती समजत होती की आपण एकटीच वागवतो आहोत.

"जाकिटाचा पट्टा लागत नव्हता तिच्या," श्रावण सांगत होता. "ती होडीत बसली नाई तशीच, भाऊ. माही पोरगी अशी नव्हती. ते सांगाले ती परत गेलती, चिखलातून. जाकिटं देणाऱ्याले म्हणे, हे बंद नाई होऊन राह्यलं, दुसरं द्या. तं तो म्हणे, दुसरं नाई आहे मॅडम, काही होत नाई, हातानं धरून बसा." श्रावणने मोकळा हात उचलून स्वतःच्या छातीवरचा शर्ट मुठीत धरला. "आता तुम्हीच सांगा. असं एका हातानं धरलं तं वल्हवायचं कायनं?"